घाटकोपरहून आणलेलं इंजिन

मी भांडकुदळ बाई आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. तीस वर्षं अंधेरीच्या एका एक्सपोर्टच्या कंपनीत शिवणाच्या लाइनवर काढली, त्यातली शेवटची बारा सुपरवायझर म्हणून. चाळीस मशिनींच्या वर आवाज चढवायचा म्हणजे घसा तसाच होतो, आणि स्वभावही. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात भांडायला समोर माणूसच उरला नाही.

आमचे हे फिटर. भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, तो बंद पडल्यावर मुलुंडला एका गाळ्यात जायला लागले. दोन पत्र्यांतला केसाएवढा फरक नुसतं बोट फिरवून सांगायचे, आणि सांगून झाल्यावर समोरच्याला अक्कल शिकवायचे ती वेगळी. एकसष्टाव्या वर्षी त्यांचा उजवा हात कापायला लागला. मला वाटलं, अशक्तपणा असेल, म्हणून नाचणीचं सत्त्व सुरू केलं. डॉक्टर म्हणाले, कंपवात. गोळ्यांनी आटोक्यात राहील, जाणार नाही, हळूहळू वाढेल. गाळ्याच्या मालकाने चकार शब्द काढला नव्हता. ह्यांनीच एक दिवस तिथलं आपलं हत्यार पिशवीत भरून घरी आणलं आणि म्हणाले, उद्यापासून डबा भरू नको.

त्या दिवसापासून माणूस आडवा. भिंतीकडे तोंड. मी समजावलं, मग रागावले, मग एकदा मुद्दाम आमटीत मीठ जास्त घातलं. ज्या माणसाने लग्नापासून माझ्या एकाही आमटीला धड म्हटलं नव्हतं, तो ती मुकाट्याने भुरकून उठला. तेव्हा मात्र मी घाबरले. मुलगी दहिसरला असते, तिने हातात दाबायचा एक रबरी चेंडू आणून दिला. तो टीव्हीवर जाऊन बसला. मुलगी म्हणायची, आई, त्यांना आराम करू दे. मी म्हणायचे, आराम करून करून ते मरतील ना गं. मला त्यांना त्या अंथरुणातून उठवायचं होतं. दुसरं काही सुचत नव्हतं.

अशात फोनवर ते इंजिन दिसलं. कंपनीतल्या जुन्या बायकांचा आमचा ग्रुप आहे, तिथे एकीने तिच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या सामानाचे फोटो टाकले होते. घाटकोपरला कुणाची तरी इमारत पाडून नवीन होणार होती, घर रिकामं करायचं होतं. सोफा, काचेचं कपाट, पितळी समई, आणि त्यांच्या मध्ये दोन फूट लांब, काळं-हिरवं, आगगाडीचं वाफेचं इंजिन. खाली लिहिलं होतं: खरंखुरं वाफेवर चालतं, सध्या रिपेरिंगला आलंय. रिपेरिंग हा शब्द वाचला आणि मी दुसऱ्याच दिवशी घाटकोपर गाठलं.

विकणारे काका सत्तरीच्या पुढचे, गुजराती, बोलायला गोड. इंजिन त्यांच्या थोरल्या भावाने स्वतःच्या हाताने बनवलेलं. भाऊ जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तेव्हापासून ते कपाटावर. आत खरा तांब्याचा बॉयलर, खाली मूठभर कोळशाची भट्टी, पाणी घालायचं, पेटवायचं की धावतं, असं काका म्हणाले. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. जुनी शिलाई मशीन घेताना बघते तसंच मी ते बघितलं. चाक फिरवलं, फिरलं. खालून बोट फिरवून गंज बघितला. तेलाचा वास घेतला. भाव पाडला, काकांनी जास्त ताणलं नाही. जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षात मांडीवर घेऊन आले, तर मुलुंडला घरी पोचेपर्यंत दोन्ही पाय बधीर झाले.

ह्यांच्या पलंगासमोर स्टुलावर ते ठेवलं. त्यांनी वळून बघितलंसुद्धा बऱ्याच वेळाने. मग म्हणाले, "खेळणं आणलंस माझ्यासाठी?"

मी म्हटलं, खेळणं तर खेळणं, पण बंद आहे. चादर घेतली, घडी केली, स्वयंपाकघरात गेले. रडूबिडू आलं नाही, राग आला. चार दिवस इंजिन तसंच. पाचव्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन वर आले, तर गॅलरीत वर्तमानपत्र पसरलेलं, हे मांडी घालून बसलेले, आणि तोंडाचा पट्टा सुरू. तुला बनवलंन गो त्या घाटकोपरवाल्याने. चाक फिरतंय कारण पिस्टनला जोडणारे दांडेच सोडवून ठेवलेत. आत पिस्टन गच्च धरलाय, बॉयलरच्या नळ्या गळतात, कुणीतरी शिशाचा झाळ लावून ठिगळं मारलीत, भट्टी पेटवली की पहिल्या पाच मिनिटांत वितळेल. अक्कल म्हणून काही आहे की नाही? मी दुधाची पिशवी हातात धरून उभी. इतकं बोलणं मला सात महिन्यांत मिळालं नव्हतं. मी लगेच भांडले. म्हटलं, तुम्हीच फिटर ना, मग दाखवा करून.

असं ते काम सुरू झालं. गॅलरीत माझी शिलाई मशीन असते, तिच्या शेजारी इंजिन बसलं. पिस्टन आठवडाभर रॉकेलमध्ये भिजत पडला, तेव्हा कुठे हलला. घरभर वास. पण बारीक काम आलं की ह्यांचा हात दगा द्यायचा. दोन मिलिमीटरचा स्क्रू भोकाच्या तोंडाशी नेला की हात नाचायला लागायचा, स्क्रू टणकन खाली, मग आम्ही दोघं फरशीवर. मी बघितलं न बघितल्यासारखं करायची. कधी स्क्रू बसायचा, पण वाकडा, अर्धवट. ते आंघोळीला गेले की मी पटकन काढून सरळ बसवायची. तीस वर्षं सुईत दोरा ओवलेला, माझी बोटं अजून शाबूत आहेत. त्यांना कळू द्यायचं नाही एवढंच मी ठरवलं होतं, आणि आपण किती हुशार, असं मला वाटत होतं.

बॉयलरचं झाळकाम मात्र लपूनछपून होण्यासारखं नव्हतं. सोनार वापरतात तसा चांदीचा झाळ लागतो, आणि गॅसची ज्योत एका जागी स्थिर धरावी लागते. ह्यांनी ज्योत धरली, थरथर बघितली, आणि ती माझ्या हातात दिली. मीटरच्या खोलीमागे सिमेंटच्या ओट्यावर आम्ही ते काम केलं. हे स्टुलावर, हात मांडीखाली दाबून, आणि तोंडाने मला चालवत होते. जवळ ने. लांब. अगं तांबं आधी तापू दे, झाळ आपोआप धावेल. तुझ्यासारखी घाई केली तर बॉयलर नाही, चाळणी होईल. मी उलटून बोलायची, पण ऐकायची. चौथ्या वेळेस झाळ असा सरसर सांध्यातून फिरला की मीच बघत राहिले. हे म्हणाले, झकास. आमच्या ह्यांच्या तोंडून हा शब्द म्हणजे काय, ते मला विचारा.

मग बॉयलर पाण्याने ठासून भरला आणि पंपाने दुप्पट दाब देऊन ठेवला. हे घड्याळ घेऊन बसले. अर्धा तास दाब दाखवणारा काटा जागचा हलला नाही. त्या दिवशी त्यांनी आमटीला नावं ठेवली. मी मुलीला फोन करून सांगितलं, तुझे बाबा परत आले.

दसरा आला. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, हे कारखान्यात होते तेव्हापासून. पाटावर ह्यांचा व्हर्नियर, कानशी, हातोडी, शेजारी माझी कात्री, मागे शिलाई मशीन. या वर्षी सगळ्यांच्या मध्ये इंजिन. मी पितळ घासून लखलखीत केलं होतं. झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं आणि ओल्या कुंकवात माखलेल्या अक्षता मूठ भरून त्याच्या पाठीवर टाकल्या. दोन बोटांनी चार दाणे टाकायचे असतात, मला माहीत नाही का? पण त्या इंजिनाने माझं माणूस उठवलं होतं. मूठ आपोआप उघडली. पूजा केलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही, दसऱ्यालाही नाही, हा ह्यांचा नियम. रविवारी पेटवायचं ठरलं.

बॉयलरच्या पाठीवर मधोमध सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. अंगठ्याएवढी पितळी बाटली, वरून उघडी, आत स्प्रिंग. कुकरला असतो तसाच हिशोब, दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की स्प्रिंग दबते आणि वाफ बाहेर. हा व्हॉल्व्ह ह्यांनी एकट्याने जुळवला होता. मला हात लावू दिला नव्हता. म्हणाले होते, बाकी सगळं तू कर, व्हॉल्व्ह मी बघतो. रविवारी सकाळी निर्माल्यही त्यांनीच काढलं, गॅलरीचं दार लावून. मी खाली इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणायला गेले होते.

गच्चीवर टाकीच्या सावलीत इंजिन लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं, चाकं अधांतरी. रूळ नव्हते आमच्याकडे, जागच्या जागी चाकं फिरली की भरून पावलं. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा चिमणीवर बसवून भट्टीला हवेची ओढ दिली. मी भट्टीच्या दाराशी उकिडवी बसले, चहाच्या चमच्याने कोळसा घालायला, कारण ह्यांच्या हातून तो सांडला असता. हे मागे उभे. पंधरा-वीस मिनिटांत काटा हलला. तीस. पन्नास. साठीला ह्यांनी मला थोडं थांब म्हटलं, वाफ सोडायचा दांडा ओढला, आणि चाकं फिरली. खरंच फिरली. भस भस आवाज करत, पाणी थुंकत. मी टाळ्या वाजवल्या, वेड्यासारख्या. ह्यांनी दांडा परत बंद केला, म्हणाले, आता व्हॉल्व्ह उडालेला बघू.

ऐंशीला उडायला हवा होता. काट्याच्या तिथे लाल रेघ होती. काटा रेघेवर गेला, रेघेच्या पलीकडे गेला, आणि व्हॉल्व्हमधून हूं नाही की चूं नाही. मी म्हटलं, अहो, हा उडत नाही. नव्वद झाले. मी खुळी, अजून चमचा हातात धरून भट्टीत वाकून बघतेय.

ह्यांनी माझा खांदा धरला आणि मला मागे ओढलं, इतक्या जोरात की मी गच्चीवर बसकण मारली. मग त्यांनी दांडा पूर्ण उघडला. चाकं पिसाटल्यासारखी फिरायला लागली, ठोकळे थडथडायला लागले, तरी काटा वरच. शिटीची बारीक कळ होती, ती सोडली की आपली आपण बंद व्हायची. ती ह्यांनी कापत्या हाताने पकडली. हात निसटला. परत पकडली. दुसऱ्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं आणि वाफ तळव्यावर घेत, काटा खाली येईपर्यंत तसेच उभे राहिले. शिटीचा आवाज एवढा की खालच्या मजल्यांवरून माणसं ओरडून विचारायला लागली. मी उठून जवळ जात होते तर माझ्यावर खेकसले, पुढे येऊ नको. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. घाबरलेला होता, पण त्यावर नवल नव्हतं. त्याचं कारण मला नंतर कळलं.

तळवा चांगलाच भाजला. नाक्यावरच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली, काय केलंत विचारलं, मी म्हटलं कुकर. घरी येऊन ह्यांना जेवण भरवलं. माझ्याच हातून काहीतरी चुकलं, झाळ कमी पडला, नाहीतर मी जास्त कोळसा घातला, असं मी आपली बडबडत होते. मुलीला काय सांगायचं याचा विचार करत होते. तेव्हा हे म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. व्हॉल्व्हमध्ये तांदूळ होते."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. अक्षतांचे पाच-सहा दाणे वरून आत गेले होते, स्प्रिंगच्या वेढ्यांत कुंकवासकट वाळून घट्ट बसले होते. वेढ्यांत दाणे, म्हणजे स्प्रिंग दबणार कशी? निर्माल्य काढताना त्यांना दिसले. चिमट्याने तीनदा काढायला गेले, हात थरथरला, दाणे आणखी खाली गेले. व्हॉल्व्ह खोलला असता तर त्याचे बारीक आटे परत जुळवता आले नसते, पहिल्यांदाच कसेबसे जुळले होते. मला बोलवावं लागलं असतं.

"मग बोलवायचं होतं ना," मी म्हटलं.

"म्हटलं, वाफ ढकलून देईल."

तेहतीस वर्षं फिटर राहिलेला माणूस. वाफ तांदूळ ढकलेल की नाही हे माझ्यासारखीला कळणार नाही, त्यांना कळत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताट तसंच ठेवलं. म्हटलं, मी तोंड घालून बसले होते त्या भट्टीत. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला तिथे बसवलंत? ते म्हणाले, हो. मी म्हटलं, माझे डोळे गेले असते. ते म्हणाले, हो. एवढंच. मी आयुष्यभर भांडले, पण समोरचा प्रत्येक गोष्टीला हो म्हणतोय असं भांडण मला येत नाही. मी ओरडत राहिले आणि मग आवाज संपला.

तेव्हा ते म्हणाले, "माझे स्क्रू तू काढून परत बसवतेस, ते मला माहीत होतं. पहिल्या आठवड्यापासून. एक व्हॉल्व्ह तेवढा माझा होता."

मला राग होता, तो गेला नाही. आजही पूर्ण गेलेला नाही, खोटं कशाला सांगू. पण त्याच्या जोडीला लाजही होती. चार महिने मी त्यांना हुशारीने फसवत होते आणि ते समजून उमजून फसत होते, मला बरं वाटावं म्हणून. आणि त्या सगळ्या समजूतदारपणाच्या पोटी मी भट्टीसमोर बसले होते. दुपारभर आम्ही दोघं दोन खोल्यांत. ते परत आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून. मी ऐकत होते, उठल्याची काही चाहूल लागते का. मनात म्हटलं, झालं, सगळ्याची वाट लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पीठ मळत होते. गॅलरीतून हाक आली. हे चिडले किंवा फार थकले की मालवणीवर येतात, एरवी नाही.

"ये गो जरा," ते म्हणाले. "माका जमणा नाय."

मी तशीच पिठाच्या हाताने गेले. वर्तमानपत्र पसरलेलं होतं, इंजिन मध्ये, आणि त्यांचा पट्टीचा हात बाजूला. डाव्या हाताने त्यांनी पाना माझ्यापुढे केला. मी हात पुसले, व्हॉल्व्ह खोलला, शिवणाच्या सुईने एकेक दाणा उकरून काढला. त्यांनी एकही चूक काढली नाही. काढण्यासारखी होती, माझ्या डोळ्यांना पाणी होतं आणि सुई दोनदा स्प्रिंगवर घसरली. 'माका जमणा नाय' हे वाक्य म्हणायची वेळ त्यांच्यावर कधी येऊ नये, एवढ्यासाठीच तर मी ते इंजिन घरात आणलं होतं.